वर्गीकरणास मान्यता देणेबाबत

पुणे महानगरपालिकेचे अंदाजपत्रक मार्चपर्यंत तयार होते आणि एप्रिलपासून बदलू लागते. सभागृहात लोकनियुक्त मंडळी असतात तेव्हा त्याचा थाट काही औरच. आयुक्त ते स्थायी समितीपुढे ठेवतात. समितीचे अध्यक्ष उत्पन्नाची बाजू थोडी आणि खर्चाची बाजू पुष्कळ फुगवून ते मुख्य सभेला सादर करतात. प्रत्येक सभासदाच्या प्रभागातली कामे ‘स’ यादीत जाऊन बसतात, भाषणे होतात, मधूनमधून शेर ऐकवले जातात आणि शहराचे पुढचे वर्ष कागदावर पक्के होते. मग विषयपत्रिकेवर पहिला प्रस्ताव येतो. त्याची भाषा वर्षानुवर्षे ठरलेली आहे. नमुन्यादाखल : ‘प्रभाग क्रमांक अमुकमध्ये ड्रेनेज लाइन बदलणे या कामाच्या तरतुदीमधून रक्कम रुपये दहा लक्ष वर्गीकरणाने उपलब्ध करून घेऊन त्यामधून प्रभागात ठिकठिकाणी बाकडी बसविणेस मान्यता देण्यात यावी.’ खाली सूचकाचे नाव, त्याखाली अनुमोदकाचे आणि शेवटी निकाल : एकमताने मान्य. ड्रेनेज लाइनला कोणी विचारलेले नसते. तिला विचारण्याची तरतूदही नसते.

आता हेच दृश्य सदाशिव पेठेतल्या किंवा बाणेरच्या एखाद्या घरात मोबाइलच्या पडद्यावर पाहावे. घरखर्चाचे ॲप आहे. महिन्याच्या एक तारखेला पगार आला तेव्हा त्याची तीस-बत्तीस खात्यांत शिस्तीत वाटणी झाली : किराणा, दूध, सोसायटीचा मेंटेनन्स, उन्हाळ्यात टँकरचा हिस्सा, मुलाची फी, दुचाकीचे सर्व्हिसिंग, आहेर, गणपतीची वर्गणी, आपत्कालीन निधी, निवृत्ती. एकोणीस तारखेला ‘हॉटेल’ या खात्यापुढे उणे १,८४० असा आकडा लाल रंगात दिसतो. बोट टेकवले की ॲप अदबीने विचारते, ही तूट कुठून भरून काढू? सगळ्या खात्यांची यादी उलगडते, प्रत्येकापुढे शिल्लक. बोट दुचाकीवरून सरकते, कारण तिचे ब्रेक खरोखरच लागत नाहीत. आहेरावरून सरकते, कारण लग्न मामेबहिणीचे आहे. आणि निवृत्तीवर येऊन थांबते. एक टिचकी मारली की लाल आकडा हिरवा होतो. सूचक आपण, अनुमोदक आपण, एकमताने मान्य. महापालिकेला ज्या कामासाठी विषयपत्रिका, सभा, चहा आणि कोरम लागतो, ते इथे लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर येईस्तोवर उरकते.

या हलवाहलवीबद्दल सुशिक्षित माणसाला जी लाज वाटते ती अनाठायी आहे, हे आधी सांगून टाकतो. जानेवारीत ॲप घेणारे पुष्कळ लोक मार्चपर्यंत ते सोडून देतात, आणि विचारले तर म्हणतात, ‘आमचं बजेट पाळलं जात नाही हो.’ म्हणजे अंदाजपत्रक हे एकादशीच्या उपासासारखे मानलेले असते. शेंगदाण्यांच्या जागी चुकून फुटाणे तोंडात गेले की मोडला, मग संध्याकाळी मिसळ खायलाही हरकत नाही. वास्तविक ज्यांनी ही ॲपे बनवली त्यांचे म्हणणे वेगळे आहे. या धंद्यातले एक जुने नाव म्हणजे ‘यू नीड अ बजेट’. अमेरिकेत जेसी मेकम या हिशेबशास्त्राच्या विद्यार्थ्याने २००४ मध्ये स्वतःच्या संसारासाठी केलेल्या तक्त्यातून ते निघाले. त्यांच्या मूळ चार नियमांपैकी तिसरा नियमच असा, की ठरवलेले बिघडले तर दुसऱ्या खात्यातून पैसे काढा, भोक बुजवा आणि पुढे चला. वर्गणी आता वर्षाला १०९ डॉलर. तेवढे पैसे देऊन जो नियम शिकायचा, तो महापालिकेच्या सभागृहात प्रेक्षक गॅलरीत बसून फुकट शिकता येत होता.

शिवाय हलवाहलव हा सामान्य माणसाचा दुबळेपणा असेल तर राज्यघटनेलाही दुबळी म्हणावे लागेल. राज्यांच्या अंदाजपत्रकात ऐनवेळी कमी पडलेल्या पैशांसाठी पुरवणी मागण्यांची सोय घटनेच्या कलम २०५ मध्ये आहे, आणि तिचा लाभ घेतला गेला नाही असे अधिवेशन आठवावे लागते. मार्चमध्ये अर्थसंकल्प मंजूर होतो, पावसाळी अधिवेशनात पहिली पुरवणी, डिसेंबरात नागपूरला हुरड्याच्या आसपास दुसरी. त्यासाठी कोणी अर्थमंत्री मान खाली घालून वावरल्याचे ऐकिवात नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेलासुद्धा खडू, झाडू आणि अचानक उपटणाऱ्या खर्चासाठी सादिल अनुदान मिळते. सरकारने इतक्या पिढ्यांत एवढे तरी ओळखले, की वर्ष कागदाप्रमाणे वागत नाही. आपण मात्र उणे १,८४० पाहून नैतिक संकटात सापडतो.

उलट, हलवायचे नाही असा हट्ट धरला तर काय होते याचा पुरावा आहे. रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये दाखवून दिले, की माणूस डोक्यात पैशांचे कप्पे करतो आणि एका कप्प्यातला रुपया दुसऱ्या कप्प्यातल्या रुपयासारखा मानतच नाही. २०१७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. जस्टीन हेस्टिंग्ज आणि जेसी शापिरो यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या पेट्रोलच्या खरेदीवर जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो तर विनोदी लेखकांनी आधी लिहायला हवा होता. २००८ च्या उत्तरार्धात तिथे पेट्रोलचे भाव कोसळले. त्याच वेळी मंदीही आली होती, लोकांना पुढची चिंता होती. अशा वेळी वाचलेले पैसे माणसाने कुठे वळवावेत? निदान काही गिऱ्हाइकांनी ते कुठेच वळवले नाहीत. ते साध्या पेट्रोलऐवजी उंची पेट्रोल भरू लागले. पैसे पेट्रोलच्या कप्प्यातले, तेव्हा ते पेट्रोलवरच खर्च झाले पाहिजेत! आपल्याकडे ‘कपडे’ या खात्यात शिल्लक उरली म्हणून लक्ष्मी रोडवरून सातवा कुर्ता येतो आणि त्याच आठवड्यात आजीच्या चष्म्याचा खर्च ‘बसत नाही’ म्हणून पुढे जातो, तो याच जातीचा प्रकार. तेव्हा कपड्यांचे पैसे चष्म्यावर नेणे हा अंदाजपत्रकाचा भंग नव्हे, ते शहाणपण आहे.

मग घरातले आणि पालिकेतले वर्गीकरण बदनाम का? वर्षभराच्या प्रस्तावांची नुसती यादी नजरेखालून घातली तर कारण दिसते. भानगड पैसे हलण्यात नाही, ते नेहमी एकाच दिशेने हलतात यात आहे. ड्रेनेज लाइनमधून बाकड्याकडे जातात. बाकड्यातून ड्रेनेज लाइनकडे आले तर त्याची बातमी होईल. पाण्याची टाकी, पावसाळी गटार, पुलाची डागडुजी ही देणारी खाती. बाकडी, नामफलक, स्वागत कमान, ओपन जिम, कापडी पिशव्या आणि कचऱ्याच्या बादल्या ही घेणारी खाती. देणारी खाती जमिनीखाली असतात, त्यांचे काम पुरे व्हायला वर्षे लागतात आणि ती नीट चालू असली तर कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. बाकड्याला मात्र पाठ असते, आणि पाठीवर नाव रंगवता येते. बादलीलाही बाहेरून गोल जागा आहे. पुण्यातल्या फुटपाथवर कोणत्याही बाकड्यावर बसा, पाठ टेकण्याआधी तुम्हाला कोणाच्या तरी संकल्पनेतून आणि प्रयत्नांतून जावेच लागते. ड्रेनेज लाइनच्या आतल्या बाजूने ‘संकल्पना’ लिहून घ्यायला अजून कोणी तयार झालेला नाही.

घरातही हेच घडते, फक्त रंगकाम होत नाही. ॲपमध्ये वर्षभराच्या हालचालींचा तक्ता काढता येतो. ज्यांना धीर असेल त्यांनी तो काढून पाहावा. निवृत्ती, आरोग्य, घराची दुरुस्ती आणि आपत्कालीन निधी ही मंडळी बारा महिने देत असतात. हॉटेल, ऑनलाइन खरेदी, ‘इतर’ आणि वीकेंडला लोणावळा ही घेत असतात. घेणाऱ्या प्रत्येक खात्याला तोंड आहे. हॉटेल खात्याची वकिली करायला संध्याकाळी साडेसातला मोबाइलवर संदेश येतो, सोबत बिर्याणीचा फोटो आणि सवलत. लोणावळ्याची बाजू मांडायला मित्रांचा ग्रुप आहे. सेल तर ‘आज शेवटचा दिवस’ म्हणून दारात धरणेच धरून बसतो. निवृत्ती खात्यातर्फे बोलायला कोण येते? त्या खात्याचा खरा मालक पासष्ट वर्षांचा आहे, गुडघे धरून चालतो आणि अजून जन्माला यायचा आहे, म्हणजे आपल्यातूनच. तो ग्रुपमध्ये नाही. त्याला फोन करायचा तर नंबर आपलाच.

इथे पहिला आक्षेप हमखास येतो, आणि तो घेणारा माणूस बहुधा पैसे हलवून मोकळा झालेला असतो : ‘अहो, माझेच पैसे, माझीच खाती. या खिशातलं त्या खिशात. यात बिघडलं काय?’ खिसे दोन्ही आपले, हे कबूल. पण दोन खिसे दोन वेगवेगळ्या माणसांच्या अंगावर आहेत, एक पस्तीसचा, दुसरा पासष्टचा. पस्तीसचा दुसऱ्याच्या खिशात हात घालतो तेव्हा पासष्टचा झोपलेला असतो. महापालिकेतही पैसे पुणेकरांचेच आणि कामेही पुणेकरांचीच, हे खरेच आहे. पण बाकड्यावर बसणारा पुणेकर आणि आठ वर्षांनी तुंबलेल्या चेंबरशेजारी राहणारा पुणेकर एकच असेल याची हमी कोणी देत नाही. दुसरा कदाचित अजून नातेवाइकांकडे सोलापूरला बारावीची तयारी करत असेल.

दुसरा आक्षेप कडक शिस्तीच्या लोकांचा : हलवाहलव बंदच करा, प्रत्येक खात्याला कुलूप लावा. या सूचनेत तथ्य आहे, आणि आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांनी ते केव्हाच ओळखले आहे. आदर्श उपविधींप्रमाणे प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दरवर्षी सिंकिंग फंडात जमा होते. हा पैसा काढायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो आणि काम इमारत टिकवण्याचे किंवा मोठ्या दुरुस्तीचे आहे असा वास्तुविशारदाचा अभिप्राय लागतो. गेटला नवा रंग द्यावा असे चेअरमनच्या मनात आले म्हणून तो मिळत नाही. निदान मिळू नये. वार्षिक सभेत यावरून जो वाद होतो, त्याला लोक भांडण म्हणतात, पण एका मुक्या खात्याच्या बाजूने माणसे तावातावाने बोलतात असे पुण्यातले हे बहुधा एकमेव व्यासपीठ आहे. निवृत्त बँक अधिकारी उठतात, उपविधीची प्रत उघडतात, क्रमांक वाचतात, आणि रंगाचा विषय तिथेच सुकतो. तसेच पीपीएफचे : पंधरा वर्षांची मुदत, मधून काढायचे तर नियम. १९६८ पासून मध्यमवर्गाच्या म्हातारपणाची बाजू या एका योजनेने जितकी लावून धरली तितकी मध्यमवर्गाने स्वतः धरली नाही.

पण सगळ्याच खात्यांना कुलूप लावले तर? मग एकोणीस तारखेची बिर्याणी क्रेडिट कार्डावर येते, आणि कार्डाचे व्याज कोणत्याच खात्यात लिहिलेले नसते. शिवाय कुलूपबंद पैशाला एक मार्चमधला रोग आहे. ज्या कामासाठी ठेवले त्यासाठी खर्च झाले नाहीत तर ते लॅप्स होतील या धास्तीने मार्चअखेर सरकारी पैसा वाट फुटेल तिकडे धावतो. चांगल्या रस्त्यावर डांबर पडते, धडधाकट फुटपाथ उखडून त्यावर नवे ब्लॉक बसतात. घरी त्याला ‘जिमची वर्गणी संपत आली, चार दिवस तरी जाऊन येऊ’ म्हणतात. तेव्हा कुलूप दोन-तीन खात्यांना पुरे, बाकीच्यांना दार हवे. फक्त त्या दारात कोणीतरी उभे हवे.

तिसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. कोणी म्हणेल, दारात उभे राहायला इतकी माणसे पालिकेत होती, सोळा जणांची स्थायी समिती होती, दीडशेहून अधिक सभासदांची मुख्य सभा होती, तरी ड्रेनेज लाइन वाचली नाही. मग माणसे वाढवून काय साधणार? खरे आहे. सर्वांनाच बाकडी हवी असली की एकमत फार लवकर होते. पण माणसे काढून टाकल्यावर काय होते तेही पुण्याने पाहिले. मार्च २०२२ मध्ये सभासदांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि प्रशासकांचा कारभार सुरू झाला. स्थायी समिती आणि मुख्य सभा या दोघांचेही अधिकार एकाच खुर्चीत आले. प्रशासनाने प्रस्ताव ठेवायचा आणि प्रशासकाने मंजूर करायचा, आणि दोन्ही ठिकाणी आयुक्त तेच. २०२५-२६ चे १२,६१८ कोटींचे अंदाजपत्रकही असेच आयुक्तांनी मांडले आणि प्रशासक म्हणून अमलात आणले. त्या माणसाच्या सचोटीचा इथे प्रश्न नाही. व्यवस्थेची घडण तंतोतंत आपल्या मोबाइलमधल्या ॲपसारखी झाली, एवढेच म्हणायचे आहे. स्वतःपुढे स्वतः प्रस्ताव ठेवणाऱ्या माणसाला ‘का?’ असे विचारणारे उरत नाही. आणि माणसाने स्वतःलाच ‘का?’ विचारले तर उत्तर नेहमी समाधानकारक मिळते.

आणि विचारणाऱ्याला पैसे अडवण्याचा अधिकार हवाच असेही नाही. याचा दाखला याच शहरातला आहे. फर्ग्युसनमध्ये शिकवलेले गोपाळ कृष्ण गोखले १९०२ च्या मार्चमध्ये कलकत्त्याला केंद्रीय विधिमंडळात अंदाजपत्रकावर पहिल्यांदा बोलायला उभे राहिले. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येत होते, मत देता येत नव्हते. म्हणजे एक दमडी या खात्यातून त्या खात्यात नेण्याची त्यांना सोय नव्हती. सरकार शिल्लक मिरवत होते; गोखल्यांनी आकडे मांडून दाखवले की ही शिल्लक भरभराटीची नाही, रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याची आहे. लष्कराच्या खात्याला तोंड होते, मिठावर कर देणाऱ्याला नव्हते, शाळेला नव्हते. त्यानंतर वर्षानुवर्षे दर मार्चमध्ये ते उभे राहत आणि सरकारला आधी तयारी करून बसावे लागे. १९०३ मध्ये मिठावरचा कर कमी झाला. त्याचे सगळे श्रेय एका भाषणाला देणे भाबडेपणाचे होईल, पण मुक्या खात्याला वकील मिळाला की समोरच्याला निदान घसा साफ करावा लागतो.

तेव्हा ॲप बनवणाऱ्यांना सूचना करायची तर ती अशी. आलेख, रंग आणि शाबासकीचे फुगे पुष्कळ झाले. प्रत्येक देणाऱ्या खात्याला घरातला एक माणूस नेमून द्यावा, आणि त्या खात्यातून पैसे काढायचे असतील तर त्याच्या मोबाइलवर प्रस्ताव जावा, तोही त्याच भाषेत : ‘निवृत्ती या तरतुदीमधून रक्कम रुपये १,८४० वर्गीकरणाने हॉटेल या शीर्षकावर उपलब्ध करून देणेस मान्यता मिळावी.’ हे वाक्य स्वतःच्या हाताने टाइप करावे लागले तरी अर्ध्या बिर्याण्या वाचतील. औषधांचे खाते आजोबांकडे द्यावे. ते औषधे घेत नाहीत, पण हिशेब घेतात. सहलीचे खाते धाकट्या मुलीकडे. तिच्याकडून एक रुपया काढून दाखवावा. निवृत्तीसाठी घरातला सर्वांत खाष्ट माणूस निवडावा, आणि या मालाचा पुण्यात तुटवडा पडल्याचे आजवर कधी छापून आलेले नाही.

यावर शेवटचा आक्षेप येईल की अशाने घरात रोज भांडणे होतील. होऊ नयेत म्हणून महापालिकेने एक युक्ती शोधून ठेवलेली आहे, आणि तिच्यावर आजवर टीकाच झाली. नको असलेल्या विषयाला सभेत कोणी नाही म्हणत नाही. एक सभासद उठतो आणि म्हणतो, विषय एक महिना पुढे घेण्यात यावा. दुसरा अनुमोदन देतो. महिनाभराने तो पुन्हा पुढे जातो आणि तिसऱ्या खेपेला दफ्तरी दाखल होतो, कोणाचा अपमान न होता. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या बाबतीत ही पद्धत घातक असेल. बिर्याणीच्या बाबतीत महिना लागत नाही, चाळीस मिनिटे पुरतात. तेवढ्यात घरात कोणीतरी पिठलं-भात टाकतो, आणि प्रस्तावकर्ता ताट घेऊन बसल्यावर विषय दफ्तरी दाखल करायला वेगळी सभाही बोलवावी लागत नाही.